खिडकी फिरते की फरशी

मला माझ्या दोस्ताचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. उगाच शेवटपर्यंत लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आणि हेवा म्हणजे साधासुधा नव्हे. त्याचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखायचं, जेवण गोड लागायचं नाही, आणि त्याच्या तोंडावर हसताना गाल दुखून यायचे.

आम्ही दोघं एकाच वर्षी आयटीआय झालो आणि एकाच दिवशी पिंपरीच्या एका कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून चिकटलो. मी कुरुळीचा, तो सांगवीचा. कुरुळीहून रोज सायकल मारून माझ्या मांड्या भरून यायच्या, म्हणून मी चिंचवडला खोली घेतली. भाड्यात वाटेकरी म्हणून तोही आला. पुढे वर्षभराच्या अंतराने लग्नं झाली आणि त्याच ओळीत शेजारी-शेजारी दोन खोल्या मिळाल्या. टूलरूममध्येही आमची बाकं शेजारी. बाकीच्या कारखान्यात माल निघायचा, टूलरूममध्ये तो माल ज्यावर घडायचा त्या डाय आणि फिक्श्चर बनायच्या. तिथं केसाची जाडी म्हणजे फार मोठं माप.

हाताने मी त्याच्यापेक्षा सरस होतो. हे मी म्हणत नाही, आमचा फोरमन सगळ्यांदेखत म्हणायचा. पण फोरमनने म्हणून काय होतं?

पश्चिम जर्मनीतून एक नवं ग्राइंडिंग मशिन येणार होतं. ते शिकायला टूलरूममधून एक माणूस तीन महिन्यांसाठी तिकडे जाणार होता. चाचणी झाली, दोघांनीही घडवलेले तुकडे, म्हणजे जॉब, पास झाले. मग जर्मन साहेबासमोर मुलाखत. मी हात मागे बांधून उभा राहिलो आणि विचारलं तेवढंच बोललो. ह्या पठ्ठ्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहेबालाच उलटा प्रश्न विचारला, की तुमच्याकडे माणूस नवा असला तर त्याला पहिल्या दिवशी मशिनला हात लावू देतात का. साहेब खो खो हसला. तिथंच माझा पत्ता कटला.

स्टेशनवर त्याला पोचवायला निम्मी टूलरूम गेली होती. मी हार घेऊन गेलो होतो. तो गळ्यात घालताना मनात काय काय येत होतं ते लिहिण्यासारखं नाही.

तीन महिन्यांनी तो परत आला तो गालांनी भरून, अंगात लांब कोट आणि तोंडात एक मनोरा घेऊन. त्या शहरात म्हणे एक उंचच उंच मनोरा होता. लिफ्टने वर जायचं, गच्चीवरून सगळं शहर बघायचं, आणि गच्चीच्या खालच्या मजल्यावर एक गोल हॉटेल, ते स्वतःभोवती फिरायचं. आपण खुर्चीत बसून खायचं आणि शहर आपल्याला प्रदक्षिणा घालणार. मशिनविषयी तो चार वाक्यं बोलला असेल, मनोऱ्याविषयी मात्र वर्षभर बोलला.

त्याची गोष्ट ठरलेली होती. मला ती त्याच्यापेक्षा जास्त पाठ झाली होती.

"खिडकीखाली गोल कठडा आहे, राव. मी डोक्यावरची टोपी काढून कठड्यावर ठेवली आणि साहेबाशी बोलत बसलो. कॉफी आली. बघतो तर टोपी गायब! मान वळवली, तर टोपी चार टेबलं मागं, एका म्हाताऱ्या बाईच्या पुढ्यात. मी उठायला लागलो तर साहेब म्हणाला, बस, तासाभरात तूच पोचशील तिच्यापाशी. आणि खरंच! कॉफी झाली, केक झाला, गप्पा झाल्या, आणि टोपी आपली हजर. टोपी जागची हललीच नव्हती. मीच पृथ्वीप्रदक्षिणा करून आलो होतो!"

शेवटच्या वाक्याला लोक टाळ्या द्यायचे. लग्नाच्या मांडवात, बारशाला, सत्यनारायणाला त्याला मध्ये बसवून गोष्ट सांगायला लावायचे. माझ्या घरी पाहुणे आले तरी पाहुणचार माझा आणि बैठक त्याची. माझी बायको पोळ्या लाटता लाटता हात थांबवून ऐकायची. एकदा मला म्हणाली, "अहो, ते सांगतात ना, तेव्हा मला वर गेल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, "पोळी करपतेय."

आबा, म्हणजे माझे वडील, कुरुळीहून महिन्यातून एकदा यायचे. टेकायच्या आधी विचारायचे, "त्यो पोरगा हाय का रं घरी? बोलीव की त्याला. त्या मनोऱ्याचं ऐकू." मुलगा मी, दमून आलेला मी, आणि आबांना हवा होता शेजारचा.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी डाव साधला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा असायची. मशिनं पुसून, फुलांच्या माळा घालून, हळदकुंकू लावून ठेवायची. त्या एका दिवशी बायकामुलं आणि आईवडिलांना आत सोडायचे. आपला माणूस कुठं उभा राहतो, काय करतो, ते घरच्यांना दिसायचं. प्रसाद वाटून झाला आणि कोणीतरी फर्माईश केली, मनोरा होऊन जाऊ दे. तो एका स्टुलावर चढला. टोपीपाशी आल्यावर मी हात वर केला.

"एक मिनिट. टोपी कठड्यावर ठेवलीस. कठडा कशाला? भिंतीला. भिंत कशावर? फरशीवर. फरशी फिरली तर भिंत फिरणार, खिडकी फिरणार, कठडा फिरणार, आणि तुझी टोपीही तुझ्याबरोबर फिरणार. आपल्या मशिनच्या गोल टेबलावर जॉब बांधला आणि टेबल फिरवलं, तर जॉब काय मागं राहतो?"

हशा झाला. तो म्हणाला, "अरे, भिंत वेगळी आणि फरशी वेगळी आहे तिथं."

"म्हणजे दोन्हींच्या मध्ये फट?"

"फट म्हणजे... असणारच थोडी."

"एवढ्या उंचीवर, वाऱ्यापावसात, जर्मन माणूस फट ठेवील?"

संपलं. टूलरूममध्ये फट हा शब्द शिवीसारखा होता. आमची उभी हयात फटी काढण्यात जात होती, आणि जर्मन माणूस म्हणजे आमच्या लेखी फट नसलेला माणूस. फोरमननेसुद्धा मान डोलावली. म्हणाला, "हा म्हणतो ते बरोबर आहे. खिडकीसकट फिरत असणार." आबा त्या गर्दीत मोठ्यानं म्हणाले, "म्हंजी टोपीचं खोटंच व्हय?" तो स्टुलावरून खाली उतरला. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी घरी जाताना जिलब्या घेतल्या.

मी नुसता त्याला डिवचत होतो असंही नाही. माझा त्या तर्कावर खरोखर विश्वास होता. गोल टेबलाच्या मशिनवर आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही.

पुढे चेष्टेची सवय लागली. तो सूक्ष्ममापकावर माप घेऊन म्हणाला, "चार मायक्रॉन जास्त," की कोणीतरी म्हणणार, "टोपीसकट का?" आधी हसण्यावारी गेलं. मग लोक त्याने घेतलेलं माप खरोखरच पुन्हा घ्यायला लागले. टूलरूममध्ये माणसाचा शब्द म्हणजे त्याचं माप. तो शब्द एकदा पातळ झाला की सगळंच गेलं. त्याच सुमारास तपासणी विभागात इन्स्पेक्टरची जागा होणार होती, आणि फोरमनच्या मनात त्याचंच नाव होतं. पण एके दिवशी चहा पिताना फोरमन मला म्हणाला, "माणूस चोख आहे रे, पण त्याच्या शब्दाला लोक हसतात. हसणाऱ्यांवर इन्स्पेक्टर कसा बसवू?" मी चहाचा कप खाली ठेवला आणि बाकाकडे परत गेलो.

दोन वर्षांनी दुसरं मशिन आलं आणि या खेपेला मला पाठवायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्या खोलीत आला. माझी बॅग त्याने स्वतः पट्ट्याने आवळून दिली. मग दारात उभा राहून म्हणाला, "एक काम कर, राव. तिकडं रविवारी सुट्टी असते. मनोऱ्यावर जा. डोळ्यांनी बघ. आणि आल्यावर ह्या लोकांना सांग. माझं कोणी ऐकत नाही, तुझं ऐकतील. तेवढं झालं तरी पुरे."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, बघतोच तुझी फट.

तिसऱ्या रविवारी मी एकटाच ट्रामने मनोऱ्यावर गेलो. खालून मान वर करून बघितलं तर डोक्यावरून टोपीच पडली. बायकोने विणलेली कानटोपी होती, कारण वर गारठा असतो हे त्यानेच माझ्या घरी सांगून ठेवलेलं. तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो तोच मनात आलं, इथंच तोही उभा राहिला असेल. तिथून पुढं दिवसभर तेच झालं. लिफ्टमध्ये कानांत दडे बसले, तर ते त्याने सांगितलेलंच. गच्चीवर वाऱ्याने कोट फुगला, तेही त्याने सांगितलेलं. लाल कौलांची घरं, बारीक नदी, पुलावर मुंगीसारख्या मोटारी, शहराबाहेर कारखान्यांची धुराडी, सगळं त्याने आधीच बघून, सांगून, टाळ्या घेऊन वापरून टाकलं होतं. मी तिथं त्याचं उष्टं खात होतो. सात समुद्र ओलांडून गेलो तरी हा माणूस माझ्या आधी तिथं पोचलेला!

कठड्याला धरून मी जरा वेळ रडवेला उभा होतो. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं असं कोणीही म्हटलं असतं.

मग एक जिना उतरून हॉटेलात गेलो. गोल दालन, मध्ये लिफ्टचा जाडजूड खांब, आणि खिडक्यांना लागून टेबलं. बसायच्या आधी मी माझं काम केलं. खिडकीजवळ दोन्ही गुडघे टेकले आणि फरशी नि भिंत जिथं मिळतात तिथं नाक नेलं. वाढणारी बाई धावत आली. माझं काही हरवलं असं तिला वाटलं असावं. मी हातानेच थांब म्हटलं.

फट होती. बोटाच्या पेराएवढी, दोन्ही बाजूंना पितळी पट्टी. एक पट्टी गप्प होती. दुसरी तिच्याजवळून सरकत होती, इतकी हळू की डोळ्याला नाही, बोट ठेवलं तेव्हा कळली. फरशी एका कड्यासारखी चाकांवर फिरत होती. भिंत, खिडक्या, छत, कठडा, सगळं त्या मधल्या खांबाला धरून जागच्या जागी उभं. पाऊस आत यायचा प्रश्नच नव्हता, कारण फट आतल्या बाजूला होती. बाहेरची काच अखंड. इतकं सोपं होतं. कुठलाही टूलरूमचा माणूस पाच मिनिटं शांतपणे विचार करता तर त्याला कळलं असतं. मी विचार केला नव्हता, मी फक्त जळत होतो.

तरी मी खुर्चीवर बसलो आणि कानटोपी कठड्यावर ठेवली. वेडी आशा, दुसरं काय! कॉफी आणि सफरचंदाचा केक मागवला. केकचे दोन घास झाले तोवर टोपी माझ्या खांद्यामागे गेली. कॉफी अर्धी झाली तेव्हा ती एका जोडप्यापाशी होती. नवऱ्याने ती उचलून बघितली, बायको काहीतरी बोलली, त्याने ती परत ठेवली. मग ती दिसेनाशी झाली.

तो तास मला आयुष्यभर पुरला. त्याने सांगितलेलं अक्षर अन् अक्षर खरं होतं. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, राग आला. हा माणूस खरंही बोलतो आणि ते रंगवूनही सांगतो! देवाने दोन्ही त्यालाच का द्यावं? मला जे दिलं होतं, म्हणजे हात आणि तर्क, त्यानेच माझं तोंड काळं झालं होतं. खाली ते परकं शहर एकेक करून माझ्यासमोरून सरकत होतं आणि मी त्याच्यावर चरफडत बसलो होतो.

टोपी परत आली तेव्हा मात्र मी ठरवलं, की सांगायचं. खंडेनवमीच्या आधी मी परत पोचणार होतो. सगळ्यांसमोर म्हटलं, सगळ्यांसमोरच मागे घ्यायचं. एका वाक्याचं काम. टोपी डोक्यावर ओढली आणि खाली उतरलो. ट्राममध्ये ते वाक्य पाचपन्नास वेळा मनात म्हणून बघितलं.

खंडेनवमीला टूलरूम नेहमीसारखी सजली होती. माझ्या नव्या मशिनला सगळ्यांत मोठी माळ. माझी बायको जरीची साडी नेसून आली होती, आबा स्वच्छ धोतर-टोपीत आले होते, आणि तेही सगळ्यांना सांगत होते, "ह्यो माझा. जर्मनीहून आला." ते शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मशिनजवळ मला स्टुलावर चढवलं. समोर चाळीसेक माणसं, पुढं पोरं, मागं बायका. सगळी तोंडं माझ्याकडे. माझा दोस्त बाजूला उभा होता, हातात प्रसादाचं ताट. त्याची बायको त्याच्या शेजारी. त्याच्या चेहऱ्यावर केवढी खुशी होती; मी त्याचं काम करून आलो याची त्याला पक्की खात्री होती.

फोरमन म्हणाला, "हां, आता तू बघून आलायस. एकदाच काय ते सांगून टाक. खिडकी फिरते की फरशी?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. आबांकडे नजर गेली. त्यांनी कानामागे हात धरला होता, एकही शब्द सुटू नये म्हणून. आजवर त्यांनी तसा हात धरला होता तो फक्त त्याच्या गोष्टीला. मी आता खरं बोललो असतो तर ती गोष्ट पुन्हा त्याची झाली असती. मी मनोऱ्यावर जाऊनसुद्धा शेवटी त्याचाच साक्षीदार. टाळ्या त्यालाच. आबांचा हात कानावरून निघाला असता आणि मान वळली असती त्याच्याकडे.

"फिरतं," मी म्हणालो. "पण खिडकीसकट फिरतं."

केवढा हशा! कोणी शिट्टी मारली. आबांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "माझं पोरगं म्हनत हुतं न्हाई का?" माझी बायको माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत ते होतं जे मला इतकी वर्षं हवं होतं. तेव्हा ते मला गोडच लागलं. खोटं कशाला बोलू?

त्याच्या हातातलं ताट जरा कलंडलं, पण त्याने सावरलं. त्याच्या चेहऱ्यावरून सगळं उतरून गेलं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. त्याची टोपी त्याच्या डोळ्यांदेखत मागे राहिली होती, त्याला कोण फसवणार? त्याने तिथंच मला खोटं पाडायला हवं होतं. निदान 'आई शप्पथ' तरी म्हणायचं. तो म्हणाला, "असेल बुवा. माझाच काहीतरी घोटाळा झाला असेल." आणि प्रसाद वाटायला लागला.

सहा महिन्यांनी इन्स्पेक्टरची ती रखडलेली जागा मला मिळाली. मनोऱ्याची गोष्ट त्याच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकली नाही.

पण मला त्या खंडेनवमीची संध्याकाळ सांगायची आहे. आम्ही सगळे चालतच चिंचवडला निघालो होतो. तो आणि त्याची बायको पुढं, आम्ही आबांच्या चालीने मागं. मध्ये चारच पावलांचं अंतर होतं. ती हलक्या आवाजात बोलली, पण मला ऐकू आलं.

"म्हणजे तुम्ही इतके दिवस मलासुद्धा खोटंच सांगत होतात?"

त्याने वाटेतला एक दगड पायाने बाजूला सारला. मग म्हणाला, "तो कशाला खोटं बोलेल? माझ्याच लक्षात राहिलं नसेल नीट."

ती त्याच्यापासून जराशी लांब होऊन चालायला लागली. मला चार पावलं पुढं जाऊन म्हणायचं होतं, वहिनी, ते खरं बोलतात, खोटं मी बोललो. चारच पावलं होती. मी आबांचा हात धरला आणि त्यांना रस्त्यातला खड्डा दाखवला.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सगळ्यांच्या आधी तोच सोनं द्यायला आला. आबांच्या पाया पडला, माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि मला मिठी मारली, दर वर्षी मारायचा तशीच घट्ट. मी त्याच्या जागी असतो तर माझ्याच्याने हे झालं नसतं, मला पक्कं माहीत होतं. आणि त्याच्या मिठीत उभं राहून, हातात त्याची पानं धरून, मला त्याचाच हेवा वाटत होता.